चाचांची एकच लाइन

रशीदचाचांना "चहा घेता का?" असं विचारलं, की ते मनातल्या मनात एक, दोन मोजायचे आणि मग "घेतो" म्हणायचे. तोवर त्यांच्या कपातला अर्धा मी पिऊन टाकलेला असायचा.

त्याला कारण होतं. आर्णी आणि महागावच्या मध्ये, डोंगराआड आमचं गाव. मोबाइल पोचला नव्हता, तारेचा फोन तर नाहीच. म्हणून सरकारनं चाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात उपग्रहावर चालणारा फोन बसवला. छपरावर थाळी, खाली बॅटरी. आवाज आभाळात जाऊन यायचा, उत्तर जरा उशिरा ऐकू यायचं. आमची माणसं उतावळी. लगेच उत्तर आलं नाही की पुन्हा "हॅलो" ओरडायची, तिकडचाही ओरडायचा आणि कोणाचंच कोणाला कळायचं नाही. मग चाचा मागून दरडावायचे, "बोलनं झालं का चूप बस. दोन मोज." लोकांना शिकवता शिकवता सवय त्यांनाच जडली. गिऱ्हाइकाशी भांडतानाही दोन मोजायचे. एक भांडण म्हणून जिंकले नाहीत बिचारे.

लाइन एक, गावं पाच. बॅटरी उन्हाच्या मर्जीवर. कोणाला लाइन द्यायची हे चाचा ठरवायचे, आणि इतका माज कलेक्टरनंही केला नसता. जिवावर बेतलेला पहिला, मग बाळंतपण. खुशालीवाल्याला तीन मिनिटं, आणि मध्येच पहिल्या नंबरचा कोणी आला तर बोलणं अर्ध्यात तोडायचं. सरपंचांचं नव्या जावयाशी चाललेलं गोड बोलणं त्यांनी असंच तोडलं होतं. कापसाचा भाव विचारायला तर झुंबड. त्या वर्षांत भाव रोज पडायचा आणि पडलेला भाव प्रत्येकाला स्वतःच्याच कानानं ऐकायचा असायचा. चाचांनी फर्मान काढलं, एकानं विचारायचं, बाकीच्यांनी ओट्यावर बसून ऐकायचं आणि शिव्या फोन ठेवल्यावर द्यायच्या.

मी तिथला शाळामास्तर. माझ्यावर त्यांचा खास राग. "मास्तर, तुमी बायकोले भाजी कोनती केली ते इचारता. याच्यासाठी उपग्रह सोडला काय सरकारनं?"

ते स्वतः मात्र कोणाला फोन करत नसत. माणूस होतं एकच, लेक शबाना. दोन वर्षांपूर्वी तिनं बापाला न विचारता नांदेडच्या एका शिंप्याशी निकाह लावला. तेव्हापासून बोलणं बंद. कोणी विषय काढला की चाचा पाना घेऊन उठायचे.

एका बुधवारी दुपारी फोन वाजला. शबाना होती. पोरगी एकटीच बोलत राहिली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण माझ्या सायकलचं चाक त्यांनी खोलून ठेवलं होतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "कशी हायेस बेटा?"

तेवढ्यात तांड्यावरची गोदाबाई धापा टाकत दारात आली. कापसावर फवारणी करताना तिच्या नवऱ्याला विष चढलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या, महागावहून जीप बोलवायची होती. चाचांनी रिसीव्हर ठेवून दिला. लगेच उचलून जीपवाल्याचा नंबर फिरवला.

माणूस वाचला. संध्याकाळी तसा निरोपही आला. चाचा मात्र माझं चाक मांडीवर घेऊन तसेच बसलेले. शबानाला परत लावा म्हटलं, तर ती कुठल्या तरी बूथवरून बोलत होती, नंबर ठाऊक नाही.

"मास्तर, पोरीनं दोन सालानं फोन केला आन् बापानं आपटला. तिले तर हेच वाटन ना?"

ह्या माणसाची मी गावभर टिंगल केली होती, त्याची लाज वाटली.

सकाळी त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि पहिल्या जीपमध्ये चढले. शिंप्याचं घर कुठं ते माहीत नव्हतं. म्हणाले, इचारत जाईन.

मी शाळेला दांडी मारून दुकानात बसलो. दहाच्या सुमारास फोन वाजला. शबानाच. "अब्बा अजून रागातच हायेत का?"

मी तिला फवारणीचं सांगितलं, जीपचं सांगितलं, आणि म्हटलं, अब्बा तुझ्याकडेच निघालेत, तू स्टँडवर जाऊन थांब. मी दोन मोजले, आणखी दोन मोजले. मला वाटलं लाइन गेली. मग तिचं रडणं ऐकू आलं.

"मास्तर, त्यायले गाडी लागते," ती म्हणाली. "संग लिंबू देल्लं का कोनी?"