वल्हं धरण्याची मंजूर पद्धत

तलावावर फळीवर उभं राहून वल्हवण्याचा दर्जा चिंताजनकरीत्या खालावला असून तो तातडीने उंचावणे आवश्यक आहे, असं जलक्रीडा विभागाच्या एक दिवस लक्षात आलं. दर्जा आधी कधी उंच होता, हे कोणी विचारलं नाही. असं विचारणारी माणसं त्या विभागात फार दिवस टिकत नाहीत.

सुधारणेची जबाबदारी तलावावरच्या प्रशिक्षकावर पडली. डोक्यावरचे केस पिकले तरी या गृहस्थाची नोकरी कच्चीच होती. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "तंत्रात सुधारणा दिसू द्या. दिसली की तुम्ही कायम."

घरी बायको म्हणाली, "दिसली की? मग झाली नाही तरी चालेल ना?"

बाई शहाणी होती. प्रशिक्षकाला मात्र खरोखरच सुधारणा करायची होती, आणि तिथेच गाडं फसलं. त्याने विभागाच्या कर्मचाऱ्यांना फळीवर उभं केलं आणि मन लावून शिकवलं. वल्हं पुढे लांब टाका, पातं पुरतं बुडवा, नुसत्या हाताने ओढू नका, सगळं अंग लावा, पायापाशी आलं की बाहेर काढा, आणि वाकायचं ते कमरेतून. यातलं शेवटचं कर्मचाऱ्यांना शिकवावं लागलं नाही.

मग साहेबांच्या हस्ते उपक्रमाचं उद्घाटन झालं. या वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित कललेलं असतं, आणि तो कल पुढे, फळीच्या टोकाकडे ठेवायचा असतो. नवख्या माणसाला ते उलटं वाटतं. तो पातं पळीसारखं स्वतःकडे वळवून धरतो, मग फळी पुढे जायची राहते आणि नुसतं पाणी ढवळलं जातं. साहेबांनी पळीसारखं धरलं. फोटो निघाला, आणि तो फोटो नेमका चांगला आला. एरवी फोटोत साहेबांचे डोळे मिटलेले असत, या खेपेला उघडे होते. त्यामुळे तो मोठा करून धक्क्यावर लावण्यात आला आणि त्याखाली लिहिलं गेलं : 'वल्हे धरण्याची मंजूर पद्धत'.

प्रशिक्षक धीर करून साहेबांकडे गेला. "साहेब, त्या फोटोत वल्हं जरा..."

"जरा काय?"

"जरा... चष्मा फार शोभून दिसतोय, असं म्हणत होतो."

पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? त्यातून हा मासा नेमणुकीवर सही करणारा. प्रशिक्षक मूग गिळून परत आला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे पळीने पाणी ढवळू लागले.

फळ्या पुढे जाईनात. नाचता येईना तर अंगण वाकडं, तशी चौकशी तलावाची लागली. पाणी जड आहे, असं चौकशी समितीला वाटलं. नमुना तपासायला पाठवला, तर पाणी पाण्यासारखंच आहे असा निकाल आला. प्रयोगशाळा सहकार्य करत नाही, अशी नोंद झाली. शेवटी अंतिम रेषेचा तरंगता बोया ओढून काठाजवळ आणला, आणि वेळेत लक्षणीय सुधारणा झाली. मग तो आणखी जवळ आणला. पुढे पुढे लांब फळीवाल्याचा चढताना जरा तोल गेला, तरी फळीचं टोक बोयाला टेकून तो आपसूकच पहिला येऊ लागला. साहेबांनी प्रशिक्षकाची पाठ थोपटली.

एकच अडचण होती. प्रशिक्षकाची मुलगी. विभागाला तलाव सुचला त्याच्या कितीतरी आधी ती बापाकडून वल्हवायला शिकली होती. लहानपणापासून तिचं एकच वेड, शहराच्या संघातून खेळायचं. निवडीच्या सकाळी ती धक्क्यावर फळी घेऊन उभी राहिली.

"बाबा, आजही उलटंच धरायचं?"

"उलटं म्हणू नकोस बेटा. मंजूर म्हण."

"तुम्हीच तर मला सरळ शिकवलंत."

"तेव्हा फोटो नव्हता," बाप म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

शिट्टी वाजली. बाकीचे बोयाच्या आसपासच गरगरत राहिले. पोरगी निघाली ती सरळ. बोया केव्हाच मागे पडला. ती पार पलीकडच्या काठापर्यंत जाऊन वळली आणि परत आली, तरी मंडळी ढवळतच होती. काठावरच्या गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. बापाचा ऊर भरून आला. त्याचे हातही टाळीसाठी उठले होते.

साहेबांनी मान वळवली. टाळ्या थांबल्या.

"हे कसलं तंत्र?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या खिशातून नेमणुकीच्या कागदाचं टोक डोकावत होतं. "तुम्ही प्रशिक्षक. सांगा."

बापाने पोरीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, धक्क्यावरच्या फोटोकडे पाहिलं. एवढं सोपं उत्तर त्याला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"वेग चांगला आहे साहेब," तो म्हणाला, "पण पकड चुकीची आहे."

पोरगी बाद झाली. जे जागेवर गरगरत होते त्यांचा संघ झाला आणि बाप कायम झाला. पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिने वल्हं त्याच्या हातात दिलं. "जमा करून घ्या, सर," ती म्हणाली. आजवर तिने त्याला कधी सर म्हटलं नव्हतं. त्याने वल्हं घेतलं. त्याच्या हाताने ते न सांगता फोटोतल्यासारखं धरलं होतं.

तेवढ्यात संघाची घोषणा झाली आणि काठावर पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. वल्हं कोणी सरळ धरलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यासाठी पोहता यावं लागत नाही. वाचकहो, आपणही होतात की तिथे, दुसऱ्या रांगेत, सावलीला. टाळ्या छान वाजवल्यात. दोन्ही वेळा.