चारोळीच्या दाताचं सुतक

एका जंगलात, मी लहान होतो तेव्हा, एक आवाज यायचा. टक्टक्‌टक्‌टक्‌. मी आजोबांना विचारलं, कुणी दार वाजवतंय का? ते म्हणाले, वाजवतंय खरं. मी विचारलं, आत कुणी नसलं तर? ते म्हणाले, तर तो आत शिरतो. असलं तरी शिरतो.

तो आवाज सुतारपक्ष्याचा होता. बाळांनो, जरा जवळ सरका. त्याच जंगलातली ही गोष्ट आहे.

तिथं करवंदी नावाची वानरीण राहायची. तिला एकच लेक. तिचं नाव चारोळी. चारोळीचे दुधाचे दात पडून समोर दोन नवे दात आले होते. पांढरे, रुंद, तोंडाला जरा मोठेच. नव्या चपलांसारखे ती ते सगळ्यांना दाखवायची. कारण नसताना हसायची.

एके दिवशी चारोळीनं एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारली. दुसरी फांदी तिथं नव्हती. खाली खडक मात्र होता.

समोरचा एक दात हलला. तुटला नाही, पडला नाही. हिरडीतून थोडं रक्त आलं, तेवढंच. करवंदीनं लेकीला उराशी धरलं आणि डॉक्टर टोच्यांकडे धाव घेतली.

डॉक्टर टोचे म्हणजे सुतारपक्षी. त्यांची चोच जंगलात नावाजलेली होती. त्यांच्या झाडाखाली सकाळपासून रांग लागायची. माणूस असो की माकड, ज्याच्या दारात रांग असते त्याच्याच दारात आपणही उभे राहतो.

टोचे डॉक्टरांनी झऱ्यातला गार खडा आणला आणि चारोळीच्या दाताला लावला.

"गार लागलं?"

"नाही," चारोळी म्हणाली.

"आता?"

"नाही."

"दात मेला. आतली नस गेली," डॉक्टर म्हणाले. "भोक पाडून नस काढावी लागेल. उद्या या. उपाशीपोटी या."

करवंदी म्हणाली, "डॉक्टर, पण तो तर पांढराच दिसतोय. दुखतही नाही."

"बाई, मेलेलं कधी दुखतं का?"

करवंदीनं लेकीला उचललं. ती परत निघाली. ती झाडावर पोचायच्या आधी बातमी पोचली.

आता त्या जंगलाची एक रीत होती. दात मेला म्हणजे घरात मरण झालं. मरण झालं म्हणजे सुतक. हे कावळेगुरुजी सांगायचे. गुरुजींना दहाव्याचा अनुभव दांडगा. प्रत्येक दहाव्याला मंडळींना तेच बोलवायचे आणि जेवायलाही तेच पहिले बसायचे.

"सुतक किती दिवस?" करवंदीनं विचारलं.

"प्रेत घरात असेपर्यंत," गुरुजी म्हणाले. "इथं ते तोंडात आहे. नस निघेपर्यंत टोळीच्या मोठ्या वडावर यायचं नाही, कुणाच्या ताटातलं खायचं नाही, पोरीनं पोरांत खेळायचं नाही."

मग भेटायला येणारे सुरू झाले. टोळीतल्या वानरिणी एकेक करून येत आणि चार हात लांब बसत.

"कसा होता गं दात," एक म्हणाली.

"आत्ता कुठं आला होता बिचारा," दुसरी म्हणाली. "अजून एकही पेरू चावला नव्हता त्यानं."

"मावशी, तो इथंच आहे," चारोळी म्हणाली आणि तिनं ओठ वर करून दाखवला.

"पोरीला अजून कळत नाही," मावशी म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

करवंदीची थोरली जाऊ सगळ्यांत शेवटी आली. "हे बघ, लवकर उरकून टाक," ती म्हणाली. "आमच्या पोरांचे दात धडधाकट आहेत. वारं लागायला नको."

ते ऐकून करवंदीला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन ती निघाली, टोच्यांच्या झाडापाशी पोचली. आतून कुणाची तरी किंकाळी आली. करवंदी तशीच वळली आणि तळ्यावर बगळे वैद्यांकडे गेली.

बगळे वैद्यांकडे रांग नव्हती. तेही टोच्यांच्याच गुरूकडे शिकले होते, पण त्यांना उभं राहायची सवय. एका पायावर उभं राहून बघत राहायचं, ही त्यांची तपासणी. लोक म्हणत, हा उपचार करत नाही, मासे धरतो. ते खोटं नव्हतं. मधूनमधून ते मासेही धरत.

त्यांनी चारोळीचा दात खूप वेळ पाहिला.

"मेलाय का हो, वैद्यकाका?" करवंदीनं विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे जिवंत आहे?"

"तेही माहीत नाही."

"मग तुम्ही वैद्य कशाचे?"

"हे मला पुष्कळजण विचारतात," बगळे वैद्य म्हणाले. त्यांनी पाय बदलला. "असं बघ. पोर खूप घाबरलं की आपण हाक मारली तरी बोलत नाही. म्हणून ते मुकं ठरतं का? दाताला मार बसला की तोही दचकतो. विचारलं तर गप्प राहतो. कधी कधी फार दिवस राहतो. त्यातून हा कोवळा आहे, याचं मूळ अजून पुरतं भरलेलं नाही. असे दात सावरतात. नुसता बोलत नाही म्हणून कुणाला मेला म्हणू नये."

"मग कधी म्हणायचं?"

"गप्पही आहे, आणि वर रंग काळवंडला, नाहीतर हिरडीला गळू आलं, तर म्हणू. तेव्हा मग थांबायचंही नाही. तोवर मऊ खा, दात घासून स्वच्छ ठेव, आणि मला दाखवत जा. मोहाला फळं धरेपर्यंत बघू."

मोह तेव्हा नुकता फुलला होता.

करवंदी थांबली. बाळांनो, थांबणं दिसायला सोपं दिसतं. ओढ्यापलीकडं एक सालईचं झाड होतं. मायलेकी तिथं एकट्या राहू लागल्या. पिकलेली केळी कुस्करून खाऊ लागल्या. तळ्यावर जाऊन दात दाखवत. वैद्य बघत आणि म्हणत, "माहीत नाही अजून." करवंदी परत येई.

सालईवरून मोठा वड दिसायचा. वडावर पोरं शेपट्यांना लोंबकळायची. चारोळी आधी बघायची. मग बघेनाशी झाली. हसायचीही थांबली.

एकदा ती म्हणाली, "आई, पाडू दे ना भोक. एकच तर दात आहे. मला खेळायचंय."

दातापायी पोर सुकून जाईल, असं करवंदीला वाटलं. ती उठली आणि तिनं टोच्यांकडे निरोप धाडला.

ठरल्या दिवशी टोच्यांच्या झाडाखाली सगळी टोळी जमली. सुतक फिटायचं म्हणजे जेवण आलंच. जावेनं फणस फोडून ठेवले होते. गुरुजी आधीपासून फणसाजवळ बसले होते. टोच्यांनी चोच दगडावर घासून लखलखीत केली होती. "उशीर केलात बाई," ते म्हणाले. "बगळ्याच्या नादी लागलात. अहो, पुस्तकात तसं आहे, मलाही ठाऊक आहे. एका खुणेवर दात मेला म्हणू नये, थांबावं. पण थांबणाऱ्याकडे कुणी रांग लावतं का? पोरीला चूळ भरू दे."

चारोळीनं झऱ्याचं पाणी तोंडात घेतलं.

"स्स्‌," ती म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय झालं गं?" करवंदीनं विचारलं.

"गार लागलं."

"कुणाला?" गुरुजींनी विचारलं.

"दाताला."

टोच्यांनी गार खडा आणून पुन्हा लावला. चारोळीनं मान झटकन मागं घेतली.

"भास आहे," टोचे म्हणाले. "मेलेल्या दातांना होतो कधी कधी. मी त्याला स्वतः मेलेलं पाहिलंय."

"आणि आम्ही भेटायलासुद्धा जाऊन आलो," मावशी म्हणाली. "मी रडले होते."

"फणसाचं काय करायचं आता?" जाऊ म्हणाली. "फोडलेला फणस टिकतो का?"

कावळेगुरुजी उठून उभे राहिले. "शास्त्र स्पष्ट आहे," ते म्हणाले. "एकदा सुतक धरलं की दहावं करावंच लागतं. मयत हजर असली तरी. फार तर तिला पहिल्या पंगतीला बसवू."

मग टोचे करवंदीच्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात बोलले. "बाई, विचार करा. एवढी मंडळी जमलीत. माझी चोच धुतलेली आहे. एका दातापायी सगळ्यांना खोटं पाडणार का? बारीकसं भोक आहे. पोर उद्यापासून वडावर खेळेल."

करवंदीनं लेकीचा ओठ वर करून दात पाहिला. मग ओठ खाली सोडला. चारोळीला उचलून पोटाशी घेतलं. एकदा फणसांकडे पाहिलं, एकदा मंडळींकडे. आणि वळून, कुणाला काही न बोलता, ती ओढ्याच्या दिशेनं चालत निघून गेली.

तात्पर्य : मुलांनो, मार लागला तर गप्प राहू नका. डॉक्टर विचारतील त्या घटकेला जिवंत असावं. मागाहून जिवंत निघणं हा शोक करून बसलेल्या मंडळींचा अपमान आहे, आणि त्यात फणसही वाया जातो.