गावंड्यांचा असली वास

डिओडरंट विकत घेताना त्याचं नाव-गाव विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे गावंडे. दिग्रसच्या बाजारात ते बाटली उलटी करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मागची बारीक अक्षरं नाकाला लावून वाचतात. पॅराबेन, ॲल्युमिनियम असलं काही रसायन सापडलं की बाटली परत. नाही सापडलं, तर ‘परफ्यूम’ या शब्दावर बोट ठेवून विचारतात, "कायचा परफ्यूम? फुलाचा, का पानाचा? नाव-गाव काहून नाही लिहिलं?"

दुकानदार म्हणतो, "सगळे हेच नेतात, भाऊ."

"नेऊ द्या. मले असली वास पाहिजे."

आम्ही दोघं दारव्ह्याला एकाच कचेरीत कारकून. दिग्रसहून रोज एसटीने शेजारी बसून जातो, त्यामुळे गावंड्यांच्या प्रत्येक प्रयोगाचा पहिला बळी मीच. बाजारातलं काही पसंत पडेना, तेव्हा त्यांनी घरीच सुरुवात केली. खोबरेल तेलात खायचा सोडा आणि आरारूट कालवून वडी पाडली. आमच्या एप्रिलच्या उन्हात ती वडी कुठली टिकणार? शर्टाच्या दोन्ही बाजूंना तेलाचे नकाशे उमटले. वर सोड्याने काखा सोलवटल्या. मग गावंडे हात अंगापासून लांब, कमरेवर ठेवून कचेरीत वावरू लागले. साहेबांना वाटलं, हा भांडायला आला. त्यांनी काही न विचारता रजा मंजूर करून टाकली.

त्यानंतर तुरटी आली. ती झकास लागू पडली होती, पण तुरटीतही ॲल्युमिनियम असतं असं हेडक्लार्कने सांगितलं आणि गावंड्यांचा चेहरा पडला.

"जाऊ द्या," ते बसमध्ये मला म्हणाले. "तसाही तुरटीले वास कोठं येते?"

"अहो, वास येऊ नये म्हणूनच तर लावायची ना?"

या माणसाचं काही खरं नाही, असं माझं मत झालं.

मग वाळा, लिंबू, लवंग असे वार लागले. रोज घरी काढलेला एक अर्क. परत येताना, उतरायच्या जरा आधी, ते पुन्हा एकदा बाटली काढून लावत आणि माझ्या नाकापुढे हात वर करत. "येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला बावा, हात खाली घ्या! लोक बघतात."

परवा त्यांनी मला बसस्टँडवरून चहाला घरी नेलं. त्या दिवशी लवंगेचा वार होता आणि ती मी दारव्ह्यापासून सोसत आलो होतो. बाहेरच्या खोलीत टेकलो तोच दूध करपल्याचा भपकारा आला. आत डोकावलो, तर वहिनी ओट्याशीच उभ्या. गॅसकडे पाठ करून शांतपणे कप विसळत होत्या. गावंड्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला, पातेलं उतरवलं आणि वहिनींना एका शब्दानं बोलले नाहीत.

"कोरोनात तिचं नाक गेलं," बाहेर येऊन ते हळूच म्हणाले. "पहिले मी दारात पाय टाकला की आतून ओरडे, ‘आधी न्हानीत जा!’ आता कायी म्हनत नाही. डॉक्टरनं सांगतलं, रोज वास हुंगवत राहा, येईल कधी तरी परत. बाटली नाकाशी धरली की रडते, भाऊ. मनून म्या अंगालेच लावून राह्यलो. अन् कारखान्यात बनवलेल्या वासानं उरलंसुरलं नाक बी जाईल, असं मले वाट्टे."

 

वहिनी उरलेल्या दुधाचा चहा घेऊन आल्या. कप ठेवताना नवऱ्याच्या खांद्याशी वाकल्या आणि डोळे मिटून तशाच थांबल्या. गावंडे श्वाससुद्धा घेत नव्हते. मग त्या हसल्या.

"आज जराकसा येऊन राह्यला वाट्टे. लिंबू हाय ना?"

खोलीत करपलेलं दूध होतं आणि लवंग होती. दुसरा कसलाही वास नव्हता. गावंड्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "लिंबूच हाय."