वाटीतली वाक्यं

"झाला! लेख झाला!" घड्याळजी कॉम्प्युटरसमोर असे उसळले, की स्टूल आडवं झालं.

त्यांच्या ब्लॉगला वाचक सात. पैकी सहा असले काय, नसले काय. हा लेख सातवीसाठी होता. सातवी म्हणजे सासूबाई. त्यांच्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ तीन वर्षं जावयाच्या दुकानात दुरुस्तीला पडून होतं, आणि आज पाच वाजता त्या ते न्यायला येणार होत्या. घड्याळ अजून बंदच. म्हणून लेख: 'चांगल्या कामाला वेळ लागतो'. वाचून सासूबाई विरघळल्या, तर निदान वर्षभराची मुदत!

चार वाजून दहा.

लेख एआयनं तपासून दिला होता. जागोजागी त्याचा नम्र शेरा: "हे वाक्य काढावे. कुटुंबीय दुखावतील." घड्याळजींनी काढली वाक्यं. पण फेकली नाहीत. घड्याळातला सुटा स्क्रूसुद्धा त्यांनी जन्मात फेकला नव्हता. काढलं की वाटीत. तशी त्यांनी 'वाटी' नावाची एक फाइल केली आणि एकेक वाक्य तिच्यात जपून ठेवलं.

चार बारा. लेख प्रसिद्ध!

चार वीस. बायको मोबाइल नाचवत आली.

"अहो, हे काय छापलंत?"

"आवडलं ना?"

"ऐका. 'सुटा भाग मागवलाय, ही थाप आहे.' पुढे. 'घड्याळ उघडलं खरं, पण परत जुळेना.' पुढे. 'सासूबाई रस्त्यावर दिसल्या की मी स्टुलाखाली असतो.'"

"अगं, ही तर वाटी! लेखाऐवजी तीच फाइल गेली!"

"वाटी कसली, अख्खं ताट वाढलंत!"

घड्याळजी माउसवर तुटून पडले. घाईत 'काढून टाका'च्या शेजारचं बटण दाबलं गेलं: 'सर्व वाचकांना कळवा'. बायकोचा मोबाइल टिंग वाजला. म्हणजे सातही वाचकांचे वाजले.

"'बायको चिमटा नेते'," बायको अजून वाचतच होती, "'आणि मग मलाच विचारते, कुठे ठेवलात?'"

"ते... चुकून."

"चुकून कसलं? खरंच आहे ते," बायको एकदम हळू आवाजात म्हणाली.

पाच. दुकानातली सगळी घड्याळं मागेपुढे ठोके देत असताना सासूबाई दारात.

"वाचलं, जावईबापू."

"आई, मी..."

"या स्टुलाखाली मावता तुम्ही?"

"पाय बाहेर राहतात."

सासूबाईंनी पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली. आत एक पितळी दातेरी चाक.

"तुमच्याकडे द्यायच्या आधी मीच उघडलं होतं हो ते. जुळवलं, आणि हे उरलं. सांगायची लाज वाटली. तुम्ही म्हणायचात भाग मागवलाय. मला वाटायचं, आला की सुटले!"

घड्याळजींनी चाक भिंगाखाली धरलं आणि ओरडलेच, "हेच! अहो, हेच!"

सव्वासहाला लंबक हलला. साडेसहाला नवा लेख तयार: 'चाक सापडलं!'

एआयचा शेरा एकच. "सासूबाईंनी घड्याळ उघडल्याचे वाक्य काढावे. कुटुंबीय दुखावतील."

"शहाणं आहे हो यंत्र," खांद्यामागून सासूबाई म्हणाल्या. "काढा."

घड्याळजींनी वाक्य काढलं आणि सवयीनं 'वाटी'त ठेवलं.

"आता," सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या, "ती वाटी उघडा. माझ्यासमोर रिकामी करा."