पक्की टीप उद्या

पूर्ण झालेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, असा बाळाराम मास्तरांचा नेमच होता. शर्टाच्या बाह्या लहान करायला दिल्या, तर एक बाही लहान होऊन मिळायची. पोलक्याला हूक लावायला दिले, तर नेमका वरचा राहिलेला असायचा. आणि पँटची कंबर आत घ्यायला दिली, तर ती पांढऱ्या दोऱ्याच्या लांबलचक कच्च्या टाक्यांवर कशीबशी धरून ठेवलेली असायची. विचारलं की चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "पावना, कच्ची हाय. जरा घालून फिर. पक्की उद्या."

उद्या गेलं, की काल लाईट नव्हती म्हणायचे. मशीन पायाची होती, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं.

भिवंडीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, लूमच्या दोन गाळ्यांमध्ये उरलेली फट. वर पाटी होती, 'येथे कपडे आल्टर करून मिळतील'. कधी मिळतील याचा पाटीवर उल्लेख नव्हता. नवे कपडे ते शिवत नसत. बाकीचे शिंपी आल्टरचं काम हातात घ्यायला तयार नसत, म्हणून झक मारत सगळी गल्ली मास्तरांकडे जायची आणि जातच राहायची.

गंमत म्हणजे मास्तरांना या धंद्याची काडीची गरज नव्हती. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती. मुलांचे ट्रक होते. घर तीन मजली, फाटकावर सिमेंटचे सिंह. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलं-सुना आपापल्या मजल्यावर आपापला टीव्ही बघत. रोज सकाळी थोरल्या मुलाची पांढरीशुभ्र गाडी मास्तरांना गल्लीच्या तोंडाशी सोडायची. गाडीतून हे उतरायचे ते मळका लेंगा, गळ्यात टेप आणि हातात डबा घेऊन. मुलांना लाज वाटायची. लोकांची फाटकी कापडं शिवत बसायची तुम्हाला काय हौस, असं ती विचारत. मास्तर आम्हाला सांगायचे, "घरी बसून काय करू? सिंव्हांना पानी पाजू?"

मी तेव्हा दापोड्याच्या एका गोदामात कारकून होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझ्यासाठी कल्याणची एक मुलगी सांगून आली. स्मिता तिचं नाव. तिचे वडील शाळेत शिक्षक. फोटो पाहिला आणि मी कामातून गेलो. आई तो फोटो कपाटात शोधायची आणि तो माझ्या डब्याच्या पिशवीत असायचा. हे लग्न जमलं नाही तर आपलं काही खरं नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

सगळ्या देशाला कापड पुरवणाऱ्या गावात राहून मी शहाण्यानं कार्यक्रमासाठी पँट मात्र ठाण्याहून रेडीमेड आणली. ती कंबरेला सैल निघाली. मास्तरांकडे दिली. रोज ट्रायल व्हायची, रोज मास्तर माझ्या मागं जाऊन "हां" म्हणायचे आणि रोज पक्की टीप दुसऱ्या दिवसावर जायची. शनिवारी मी हात जोडले. उद्या मुलगी बघायला जायचंय, म्हटलं. त्यांनी पँट घरी न्यायला दिली आणि निघायच्या आधी सकाळी ये, पाच मिनिटांत मारून देतो, असा शब्द दिला. सकाळी जाऊन बघतो तर दुकानाला कुलूप. शनिवारी रात्री त्यांच्या गावात कुणाची तरी हळद होती. आणि त्यांच्या गावची हळद म्हणजे रविवार उजाडला हे गावाला सोमवारी कळतं.

देवाचं नाव घेऊन तीच पँट चढवली. कल्याणला पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. घरात शिरताच समोर स्मिताचे आजोबा. मी संस्कारी मुलासारखा वाकलो आणि मागून पँटनं साथ सोडली.

वर पंखा घरघरत होता म्हणून कुणाला ऐकू आलं नाही. मी तसाच मागे मागे सरकत सोफा गाठला आणि त्याला चिकटलो. स्मिता आली, मी उठलो नाही. तिची आई आली, उठलो नाही. वडिलांनी गच्चीवरची बाग दाखवायला बोलावलं, तर मला झाडांची आवड नाही म्हणालो. आजोबा आत जायला निघाले, मी बसून नमस्कार केला. आई माझ्याकडे अशी बघत होती, की पोटचा पोरगा असून ओळख पटेना. शेवटी तिच्या घरचे आमच्या मंडळींना पोचवायला खाली गेले, तेव्हा मी वर्तमानपत्र मागे धरून सगळ्यांच्या मागून जिना उतरलो.

दोनच दिवसांत निरोप आला. मुलगा शिकलेला आहे, पण उर्मट आहे. खरं कारण सांगायचीही सोय नव्हती.

मी पँट घेऊन तडक दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. मास्तर ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "कल्याणला कुठं?" रागाच्या भरात मी त्यांना शाळा, गल्ली, सगळा पत्ता ओरडून सांगितला, पँट तिथेच फेकली आणि निघून आलो.

आठवडा गेला आणि कल्याणहून होकार आला. आईला वाटलं नवस फळला. काय घडलं ते मला साखरपुड्यानंतर स्मितानं हसत हसत सांगितलं. एके दुपारी त्यांच्या दारात पांढरी गाडी थांबली. त्यातून मळक्या लेंग्यातला एक म्हातारा उतरला आणि त्यानं पिशवीतून पँट काढून तिच्या वडिलांच्या समोरच्या टेबलावर उलटी पसरली. म्हणाला, "गुन्हा माजा हाय, पोराचा न्हाय. किती येला ट्रायलला आला, पन कवा तोंड वाकडं न्हाय केलं. असा जावई गमवू नका."

तिचे वडील पडले शाळामास्तर. त्यांनी विचारलं, अहो, पण एकदाच पक्की टीप का नाही मारत?

म्हातारा म्हणे बराच वेळ पँटची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "पक्की केली का मानूस परत येत न्हाय."

स्मिता हे सांगताना हसायची थांबली. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो आणि ते आमची वाट बघत होते.

लग्नात घालायचा कोट माझ्या मामांचा होता. तो आवळायला मास्तरांकडेच दिला. दुसऱ्या दिवशी गेलो तर कोट तयार. टीप पक्की, बटणं सगळी, वर इस्त्री. मी उलटसुलट करून पाहिला, काहीसुद्धा राहिलं नव्हतं. "झाला," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "आता यायची गरज न्हाय." एवढा मोठा आहेर मला लग्नात दुसऱ्या कुणी केला नाही.

लग्नानंतरच्या एका रविवारी दुपारी मी दुकानात गेलो. मास्तरांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. पिशवी नव्हती.

"काय उसवलं?"

"काही नाही, मास्तर. सहज आलो."

त्यांनी मशीनवरचा पाय काढला. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. उगाच दोऱ्याची रिळं इकडची तिकडे केली, टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घातला, मग खालून डबा वर घेतला आणि झाकणावर हात ठेवून विचारलं, "जेवलास?"

मी घरून पोटभर जेवून आलो होतो. "अजून नाही," म्हणालो आणि स्टूल पुढे ओढलं.