सक्तीची विश्रांती

दमलेल्या माणसांना ताजंतवानं करण्याचा जो उपाय मला सुचला, तो आजवर कुणालाच सुचला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो! का सुचला नसेल, तेही आता मला कळलंय.

आमची कंपनी कपडे धुण्याची यंत्रं बनवते आणि माझी टीम त्यांच्या तक्रारी फोनवर ऐकते. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून माणसं इतकी थकायची, की दुपारनंतर भलतीच उत्तरं द्यायची. कामाचे आकडे घसरत चालले होते. शेजारच्या टीमचा प्रमुख असल्याच आकड्यांपायी घरी गेला होता, त्यामुळे मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांच्या, केबिनचं दार नुसतं करकरलं तरी मी खुर्चीत ताठ बसायचो. मी टीमला परोपरीने सांगितलं, मध्ये मध्ये उठा, पाय मोकळे करा. पण एक जण उठेल तर शपथ! रिकामी खुर्ची बाईंच्या नजरेस पडली तर, ही धास्ती.

मग मी ठरवलं, ठरावीक वेळाने सगळ्यांचे कॉम्प्युटर थोडा वेळ बंदच करायचे. स्क्रीनच काळा झाल्यावर काम करतील कसं?

"आधी सांगा हो त्यांना," बायको म्हणाली.

"सांगितलं की वाद घालत बसतात. एकदा आराम मिळू दे, मला दुवा देतील!"

मी आयटीवाल्याला गाठलं. "यादीत आख्खा मजला टाक," ऐटीत म्हणालो. "फक्त माझा सोड. मला लक्ष ठेवायचंय."

एक गोष्ट मात्र डोक्यातून साफ निसटली. आमच्याकडे एखाद्याला कामावरून काढलं की आधी त्याचा कॉम्प्युटर बंद होतो. मग त्याचं सामान भरायला रिकामं खोकं घेऊन एचआरच्या ताई येतात. सगळे त्यांना खोकेताईच म्हणतात.

ठरल्या वेळी सगळे स्क्रीन काळे झाले. मी हसत उभा राहिलो. समोर सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक!

"मॅडम, पाण्याचा नळ कसा बंद करायचा ते आता तुमचं तुम्ही बघा! मी कंपनीत नाही!" असं फोनवर ओरडून आमच्या बडबड्याने फोन आपटला. टीममधल्या सगळ्यात जुन्या मावशी ड्रॉवर रिकामा करू लागल्या.

"अहो, थांबा, ही तर..."

"तुम्ही बोलूच नका!" बडबड्या अंगावर आला. "तुमचा तेवढा चालू! आम्हाला काढून स्वतःची खुर्ची वाचवलीत ना? मग जाता जाता सांगतो, तुमच्या एकाही विनोदाला कधी हसू आलं नाही! नोकरीसाठी हसायचो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनीसुद्धा!

तेवढ्यात छातीशी खोकं धरून खोकेताई धावत आल्या. "माझाही बंद झाला हो! आता मला खोकं कोण आणून देणार?" आणि त्यांनी भोकाडच पसरलं.

आख्खा मजला म्हणजे... केबिनचं दार करकरलं. मोठ्या बाई बाहेर आल्या. हातात टेबलावरची कुंडी!

"मालकांनी मलाही काढलं," त्या पुटपुटल्या. "आणि मी वेडी! एका माणसाला काढायचं सकाळपासून मनात होतं, पण वाईट वाटून हात धजत नव्हता."

कोणाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी खुर्चीवर चढलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "कुणालाही काढलेलं नाही! ही विश्रांती आहे! काम सुधारावं म्हणून! रोज मिळणार आहे!"

मग एकेक स्क्रीन उजळू लागला. खोकेताईंनी डोळे पुसले. बडबड्याचा चेहरा उतरला. "साहेब," तो खो खो हसत म्हणाला, "काय विनोद केलात!"

मोठ्या बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कल्पना चांगली आहे," एवढंच म्हणाल्या आणि कुंडी घेऊन आत गेल्या. माझ्या जिवात जीव आला. मी खुर्चीवरून उतरलो, खुर्ची पुसली, बसलो.

माझा स्क्रीन काळा होता.

मी आयटीवाल्याला फोन लावला. "अरे, सगळ्यांचे चालू झाले, माझा राहिला. कर ना चालू!"

पलीकडे तो नुसताच खाकरला. "साहेब... तुमचा मी बंदच केला नव्हता."

मागे पावलं वाजली. खोकं हाताशीच होतं, त्यामुळे खोकेताईंना ते आणायला जावंसुद्धा लागलं नाही.

परवा मावशींचा फोन आला. ऑफिसात आता रोज स्क्रीन काळे होतात, सगळे पाय मोकळे करून येतात, आकडेही सुधारलेत म्हणे! "खरंच फार बरं वाटतं हो," असं म्हणून त्यांनी मला मनापासून दुवाही दिला. त्यांची विश्रांती संपल्यामुळे फोन लगेच ठेवावा लागला. माझी कधी संपणार, हे बायको रोज विचारते.