सत्काराला उत्तर म्हणून गिटार

एखाद्या वादकाचं वादन पुन्हा एकदा ऐकावंसं वाटणं ही आपली खाजगी बाब आहे, असा चन्नवीर हत्तुरे यांचा प्रामाणिक समज होता. सोलापुरात चादरींचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असे समज परवडतात. कॉलेजात असताना त्यांनी रेल्वे कॉलनीच्या भिंतीवर चढून, नाताळच्या नाचात क्लॅरेन्स फुर्टाडो नावाच्या गोवेकराची विजेवरची गिटार ऐकली होती. तो रॉक अँड रोल वाजवायचा. चन्नवीर भिंतीवरून उतरले, त्यांनी लग्न केलं, दुकान थाटलं. पण गिऱ्हाइकापुढे चादर उलगडताना त्यांची बोटं अजून त्याच ठेक्यावर नाचायची. गिऱ्हाइकं घाबरायची.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात फुर्टाडो मद्रासहून मुंबईला जाताना एक संध्याकाळ सोलापुरात उतरणार होते. आता त्यांचे केस पिकले होते, बोटं आखडत चालली होती, आणि गोव्याला बहिणीकडे जाऊन गिटार कायमची ठेवून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे ऐकायचं तर आताच. चन्नवीरांनी एक सभागृह घेतलं आणि कार्यक्रमाच्या परवानगीसाठी ते कचेरीत गेले.

"गाण्याचे शब्द जोडा," साहेब म्हणाले.

"शब्द न्हाईत साहेब. नुस्ती गिटार हाय."

"मग आक्षेपार्ह काय आहे, ते आम्ही तपासायचं कसं?" साहेब खरोखरच चिंतेत पडले. "शब्द असते तर चार कापून मोकळे झालो असतो. काहीच न बोलणाऱ्या माणसाची जबाबदारी कोण घेणार?"

कचेरीबाहेर गुरुसिद्धप्पा भेटले. गावात कुणाचंही काहीही अडलं की ते बाहेर उभे असतात. ते नगर गौरव मंडळाचे संस्थापक, आजीव अध्यक्ष आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद होते.

"कार्यक्रम म्हटलं की परवानगी आली, कर आला," ते म्हणाले. "सत्कार म्हणा की! सत्काराला कोण अडवतंय? आणि सत्काराला उत्तर म्हणून पावण्यानं गिटार वाजवली, तर ते भाषणच की वो."

ही युक्ती इतकी कायदेशीर होती की चन्नवीरांचे डोळे पाणावले.

सत्कार म्हटल्यावर समिती आली. समिती म्हटल्यावर स्वागताध्यक्ष, उद्घाटक आणि प्रमुख पाहुणे आले. फुर्टाडोंना प्रमुख पाहुणे करता येईना, कारण ते सत्कारमूर्ती होते. ज्यांना कुठलंच पद मिळालं नाही ते रुसले, म्हणून त्यांनाही व्यासपीठावर बसवलं. त्यामुळे गिटारीच्या आवाजाचं खोकं ठेवायला जागा उरली नाही. ते खाली उतरवून त्यावर नारळांचं ताट ठेवण्यात आलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. विजेची कपात असल्यामुळे आठ वाजता दिवे जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून समारंभ वेळेवर, म्हणजे फक्त तासभर उशिरा सुरू झाला.

सोलापूरकर शालीऐवजी चादर देतात. प्रत्येक संस्थेनं एकेक दिली. ऐन उन्हाळ्यात फुर्टाडोंच्या अंगावर चादरींचा ढीग चढत गेला आणि गळ्यातली गिटार त्याखाली दिसेनाशी झाली. स्वागताध्यक्षांनी त्यांचा थोर सतारवादक म्हणून गौरव केला. उद्घाटकांनी ती चूक दुरुस्त करून त्यांना थोर तबलावादक म्हटलं. प्रमुख पाहुणे पाणीटंचाईवर बोलले आणि टाळ्या घेऊन बसले. चादरींतून फक्त दोन थकलेले डोळे दिसत होते.

पुढच्या रांगेत चन्नवीरांशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी महादेवी नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "आवो, ऐकायला बोलावलंव का दडपायला? माणूस घामाघूम झालाय की!"

चन्नवीरांना राहवेना. ते उठले, मंचावर गेले आणि एकेक चादर काढू लागले. गिटार दिसली. फुर्टाडोंनी बोटं मोकळी केली, खालच्या खोक्यावरचे नारळ हलवायची खूण केली आणि चन्नवीरांकडे पाहून ते हसले. सभागृह शांत झालं. भिंतीवरच्या त्या पोराला हवं होतं ते आता अगदी हातभर अंतरावर होतं.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पांनी त्यांच्या हातात माइक दिला. "पावण्यांची वळख तुमीच करून द्या की. तुमच्याएवढं कुणाला ठावं हाय?"

खरंच कुणाला नव्हतं. चन्नवीर त्या भिंतीपासून सुरू झाले. थंडी सांगितली, नाचणाऱ्यांचे बूट सांगितले. ती गिटार कशी सुरू झाली, कुठे चढली, कुठे रडली, सगळं तोंडानं वाजवून दाखवलं. इतकी वर्षं हे ऐकून घेणारं कुणी भेटलंच नव्हतं. आता अख्खं सभागृह ऐकत होतं. मागे फुर्टाडो तारांवर बोटं ठेवून उभे होते.

"आवो, त्यांना वाजवू द्या की!" महादेवी ओरडल्या.

चन्नवीरांनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं. त्या रात्रीच्या वादनातला सर्वांत सुंदर भाग अजून सांगायचा होता.

तो आला, आणि दिवे गेले.

अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला. फुर्टाडो चाचपडत गिटार पेटीत ठेवून स्टेशनवर गेले. चादरी मागाहून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येकजण चन्नवीरांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "काय बोललाव! जणू त्यांनीच वाजवलं!" आणि चन्नवीर त्याला "न्हाय वो, न्हाय वो" म्हणत खुर्ची पुढे करत होते.

तुम्हाला त्यांचं हसू येत असेल. जरूर हसा. फक्त गेल्या खेपेला "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणून तुम्ही माइक हातात घेतलात, तेव्हा तुमच्या मागे कोण ताटकळत उभं होतं, तेवढं एकदा वळून बघा.